स्थलांतराचा खर्च कुणाच्या खात्यावर?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. बाहेरची माणसं येतात, शेतात खोपट टाकून राहतात आणि आपल्या दवाखान्यावर, शाळेवर, पाण्यावर भार पडतो. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांबद्दल हेच बोललं जातं. तिथे बाहेरची माणसं म्हणजे आपण असतो. एकाच घरातला एक भाऊ सुरतेच्या लूमवर परका ठरतो आणि गावी राहिलेला दुसरा भाऊ मध्य प्रदेशातल्या सेंधव्याहून आलेल्या मजुराला परका ठरवतो. खानदेशात राहून स्थलांतराच्या खर्चाबद्दल बोलायचं, तर हे दोन्ही भाऊ एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावे लागतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. स्थलांतराला सार्वजनिक खर्च येतो, तो खरा आहे आणि तो नाकारून कुणाचं भलं होत नाही. पण आपण तो भलत्या ठिकाणी शोधतो. सर्वांत मोठा खर्च माणसं पाठवणाऱ्या गावावर पडतो. माणसं घेणाऱ्या गावाला किंवा शहराला तयार हात मिळतात, आणि त्या हातांवर जो खर्च करायला हवा तो बहुतेक वेळा केलाच जात नाही. न केलेल्या खर्चालाच आपण भार म्हणत बसलो आहोत. याचं कारण एवढंच की सरकारचा पैसा पत्त्याला चिकटलेला आहे. माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्या नावाचा पैसा त्याच्याबरोबर निघत नाही. तो निघाला पाहिजे.

इथल्या सीमा कशा आखल्या गेल्या ते आधी आठवू. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर हे खानदेशचंच मुख्य शहर, आज ते मध्य प्रदेशात आहे. १ मे १९६० ला पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. उच्छल, निझर हे तालुके त्या वाटणीतून आले. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरचं कार्यालय गुजरातेत आहे. शहाद्याहून खेतियाला बाजाराला जाणारा माणूस राज्य ओलांडतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. गुजर, लेवा पाटीदार यांच्या स्वतःच्या परंपरा सांगतात की त्यांचे पूर्वज गुजरातेतून इकडे आले. भुसावळ तर रेल्वेनेच वसवलं. तिथल्या रेल्वे वसाहतींत देशाच्या कानाकोपऱ्यातली आडनावं सापडतात. तापीच्या दोन्ही काठांवरची माणसं कायम हलती राहिली आहेत. त्यामुळे ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ असा वाद इथे फार ताणण्यात अर्थ नाही.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्थलांतरित म्हणून नोंदलेली माणसं साडेपाच कोटींहून अधिक होती. त्यांत परराज्यांतून आलेली नव्वद लाखांच्या आसपास. बाकीची सारी राज्यातल्या राज्यात हललेली, आणि त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा. परराज्यातून आलेल्यांवरून आपण जेवढा आवाज करतो, त्याच्या कितीतरी पट हालचाल आपल्याच तालुक्यांमध्ये चालू असते. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आता जाणाऱ्यांकडे पाहू. एकोणिसावं शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरकडे आली आणि खानदेशच्या माणसाला सुरत जवळ झालं. पुढे जिरायती शेती परवडेना, कापसाचा भाव टिकेना, तशी सुरतेकडे जाणारी गर्दी वाढत गेली. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री, चोपडा, कुठल्याही गावी जा, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला मुलाबद्दल विचारा, ‘आंडोर सुरतले शे’, म्हणजे मुलगा सुरतेला आहे, हे अहिराणीतलं उत्तर ठरलेलं. सुरत शहराची लोकसंख्या २००१ मध्ये चोवीस लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये चव्वेचाळीस लाखांच्या पुढे गेली. मधल्या काळात शहराची हद्द वाढली हे खरं, पण माणसंही आली. ओडिशाची आली, उत्तर प्रदेशाची आली, आणि खानदेशची तर पिढ्यान्‌पिढ्यांची तिथे आहेतच. जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार, गुजरात भाजपचे अध्यक्ष आणि केंद्रात मंत्री झाले. स्थलांतरिताचा मुलगा त्या मातीत किती खोल रुजू शकतो, हे यातून दिसतं.

सुरतेबद्दल एक गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक जिल्हा परिषद सदस्याला माहीत असायला हवी. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते. म्हणजे धुळ्याच्या मजुराच्या मुलीला मराठीतून शिकवण्यासाठी गुजरातमधली एक महापालिका मराठी शिक्षकांना पगार देते, मराठी पुस्तकं देते. हा खर्च भार आहे म्हणून तिथे कुणी ओरडलं नसेल असं नाही, पण शाळा उभ्या राहिल्या आणि चालू आहेत. सुरतेला यात तोटा झाला का? त्या मुलांचे आईबाप लूमवर बारा-बारा तास उभे राहिले म्हणून शहराचं कापड देशभर गेलं. शहराने त्यांच्या मुलांवर जे खर्चलं ते त्या कमाईतला छोटा हिस्सा आहे.

आता यावल, चोपडा, रावेरच्या शेतांत या. मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन जिल्ह्यांतून आलेली बारेला-पावरा ही आदिवासी कुटुंबं इथे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, म्हणून राहतात, केळीचे घड कापतात, वाहतात, कपाशी वेचतात. त्यांची मुलं घरी पावरी-बारेली बोलतात. गावच्या मराठी शाळेत ती आली तर मागच्या बाकावर गप्प बसतात, आणि बहुतेक येतच नाहीत, कारण धाकट्याला सांभाळायचं असतं. एखादा कळकळीचा शिक्षक शेताशेतांतून फिरून मुलं गोळा करतो, त्यांचे शब्द शिकतो, आणि त्याची बदली झाली की सगळं थांबतं. सुरतेने आपल्या मुलांसाठी जे केलं त्याच्या पासंगालाही पुरेल असं काही आपण या मुलांसाठी केलेलं नाही. मग त्यांचा कसला भार आपण मोजतो आहोत?

आणखी एक अडचण कायद्याची आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा राज्यागणिक ठरतो. सातपुड्याच्या अलीकडचा पावरा आणि पलीकडचा बारेला यांच्यात सोयरीक होते, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात एकच ढोल वाजतो. पण मध्य प्रदेशचा दाखला घेऊन आलेल्याला महाराष्ट्रात जमातीच्या सवलती मिळत नाहीत. मग यावलच्या शेतात वाढलेल्या मुलाला कोणत्या आश्रमशाळेचं दार उघडेल? आरक्षणाचे नियम बदला असं मी म्हणत नाही, तो मोठा विषय आहे. पण वयाने लहान असलेल्या मुलाला जवळच्या आश्रमशाळेत जागा देण्यासाठी दाखला कुठल्या तहसीलदाराच्या सहीचा आहे हे पाहायची गरज नसावी.

ऊसतोडीचं गणित याहून कठीण आहे. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेसोळा लाखांच्या जवळ होती आणि त्यातले एकोणसत्तर टक्के आदिवासी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर इथल्या पाड्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यात, घरात दाणा नसताना उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दिलेली असते. ती फेडायला जोडपं ट्रकमध्ये बसतं. लहान मूल असेल तर तेही बरोबर. दक्षिण गुजरातेत बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी अशा सहकारी कारखान्यांचा ऊस तोडायचा, फडाजवळ प्लास्टिकच्या पालात राहायचं, पहाटे उठून रात्री गाडी भरायची. होळीला माणसं परत येतात, काही त्यानंतरही राहतात. मधले चार-पाच महिने पाड्यावर म्हातारी माणसं आणि काही मुलं.

या चार-पाच महिन्यांत सरकारच्या दृष्टीने ही माणसं कुठे असतात? याचं उत्तर दोन तारखांमध्ये दडलेलं आहे आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच अडकलाय.

पहिली तारीख ३० सप्टेंबर. शाळेच्या संचमान्यतेसाठी, म्हणजे किती मुलांमागे किती शिक्षक हे ठरवण्यासाठी, पटसंख्या त्या सुमाराची धरतात. तेव्हा धडगावची मुलं धडगावलाच असतात. शिक्षक तिथे मंजूर होतात. नोव्हेंबरात मुलं निघून जातात. ज्या गावात ती जानेवारीत असतील तिथल्या शाळेला त्यांच्यासाठी ना शिक्षक मिळतो, ना मध्यान्ह भोजनाचा तांदूळ वाढतो. तिथला मुख्याध्यापक त्यांना टाळतो, आणि कागद पाहिले तर त्याला दोष देणं अवघड आहे.

दुसरी तारीख फेब्रुवारीची. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या घरी नसतो त्याला त्या घरात मोजत नाहीत. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात सरकत असते. कुठला प्रगणक शेतातल्या त्या पालांपर्यंत पोहोचतो? पोहोचला तर ती माणसं सुरत किंवा तापी जिल्ह्याच्या खात्यात जातात. नाही पोहोचला तर ती देशात कुठेच नसतात.

पाड्याची लोकसंख्या कमी भरली की काय होतं ते तपशिलात पाहा. डोंगरी-आदिवासी भागात आरोग्य उपकेंद्र तीन हजार लोकसंख्येमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजारांमागे, असा निकष आहे. ग्रामपंचायतीला येणारा वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या कायद्याखाली येणाऱ्या ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंध निधीही तसाच. म्हणजे ज्या गावची माणसं पोटासाठी सर्वांत जास्त हलतात, त्याच गावचं उपकेंद्र मंजूर होत नाही, त्याच गावचा निधी कमी येतो. ती माणसं होळीला परततात तेव्हा आजारी असतात, पोरं वाळलेली असतात, काही बायका गरोदर असतात. सर्वांत जास्त खर्चाची वेळ तीच, आणि तेव्हाच तिजोरीत त्यांच्या नावाचं कमी असतं.

त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राचा कोटा सात कोटी लोकांचा, तो अजून २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेला आहे. तेव्हा जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आलं.

आयुष्याचा हिशेब मांडून पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. तळोद्याच्या एखाद्या मुलाचं लसीकरण, अंगणवाडीचा आहार, आश्रमशाळेतली दहा वर्षं, हा सगळा खर्च महाराष्ट्राने केला. अठराव्या वर्षी तो बारडोलीला किंवा सुरतेला गेला. त्याच्या अंगातली उमेदीची वर्षं तिथे खर्च झाली. तिथे तो जे कपडे, साबण, मोबाइल घेतो त्यावरचा राज्याच्या वाट्याचा जीएसटी गुजरातच्या तिजोरीत जातो, कारण हा कर माल जिथे विकत घेतला जातो त्या राज्याला मिळतो. पंचेचाळिशीत पाठ गेली की तो गावी परततो आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. वाढवण्याचा खर्च आपला, म्हातारपणाचा खर्च आपला, मधली कमाई तिकडे.

आणि हाच हिशेब बडवानीच्या बाजूने मांडला तर महाराष्ट्र घेणारा ठरतो. बारेला मजूर मध्य प्रदेशच्या पैशावर वाढला, आपल्या केळीत राबला, रावेर-सावद्याच्या बाजारात त्याने जे घेतलं त्यावरचा कर मुंबईला गेला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आखाती देशांत जाते, त्याचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाच. पण घड कापणारा, खांद्यावरून बांधापर्यंत आणणारा, ट्रकमध्ये रचणारा माणूस त्या अभिमानात कुठे धरलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले किमान पंधरा मजूर गेले. ते रावेर भागातले, आपल्याच जिल्ह्यातले होते. काम मिळेल तिथे जिल्हा ओलांडून जात होते. माणसं मालाच्या ढिगावर बसून प्रवास करतात कारण त्यांच्या प्रवासाचा खर्च कुणाच्याच हिशेबात नसतो. तो त्यांनी जिवाने दिला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. गावातली भिल्ल, दलित शेतमजूर कुटुंबं म्हणतात की बाहेरची माणसं कमी मजुरीत येतात, शेतातच राहतात, रात्री-अपरात्री मोटार चालू करायलाही उठतात. मग आम्हाला कोण बोलावणार? त्यांचं नुकसान होतं हे मान्य केलं पाहिजे. मात्र दर पडतो तो मजूर परका आहे म्हणून पडत नाही. तो उचलीत बांधलेला असतो, त्याच्याकडे इथलं रेशन नसतं, मूल आजारी पडलं तर शेतमालकाकडेच हात पसरावा लागतो. अशा माणसाला दर मागता येत नाही. त्याला इथे रेशन मिळालं, दवाखाना मिळाला, किमान वेतन मागायची सोय झाली, तर गावातल्या मजुराचाही दर सावरेल. सीमेवर नाकी लावून तो सावरणार नाही. कारण केळी कापायला माणूस लागणारच, आणि सुरतेला गेलेला आपला पोरगा त्यासाठी परत येणार नाही.

परदेशातून बेकायदा आलेल्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो कायद्याने हाताळावा. पण त्या गलक्यात हातात पुरेसे कागद नसलेला भिल्ल किंवा बारेला मजूर संशयित ठरतो, त्याला चौकीत बसवून ठेवलं जातं, हे होता कामा नये. या देशाच्या नागरिकाने या देशात कुठेही राहावं, कुठेही काम करावं, हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला अधिकार आहे.

मे २०२० आठवा. टाळेबंदीत सुरतेहून खानदेशी माणसं नवापूरच्या वाटेने पायी परतत होती. इकडे जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रेल्वे मिळेल या आशेने रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले होते. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. त्यांना जायचं होतं ते आपलं भुसावळ होतं. त्यांच्या रक्तात पडलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रं देशाने पाहिली, हळहळ झाली, मदतीच्या घोषणा झाल्या. त्या वेळी एक गोष्ट उघडी पडली: कोणत्या जिल्ह्यात किती परके मजूर आहेत याची यादी कुठल्याच जिल्हाधिकाऱ्याकडे नव्हती. यादी नसेल तर गाडी कुणासाठी सोडणार, धान्य कुणाला देणार?

कायदे नव्हते असं नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. पाच किंवा अधिक मजूर दुसऱ्या राज्यातून आणणाऱ्या ठेकेदाराने नोंदणी करावी, मजुराला विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, राहायची जागा द्यावी, असं त्यात होतं. चाळीस वर्षं तो कागदावर राहिला. आता तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे आणि तिथे मर्यादा पाचावरून दहा मजुरांवर गेली आहे. ऊसतोडीच्या जोडप्याला, शेतातल्या एकट्या सालदाराला यातून काय मिळेल याबद्दल मला फार आशा नाही.

त्यामानाने रेशनचा अनुभव बोलका आहे. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन जोड्यांतली एक महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. म्हणजे धडगावचं कार्ड बारडोलीत चालावं, ही सोय देशात सर्वांत आधी आपल्यालाच मिळाली. पैसा आणि धान्य माणसामागे जाऊ शकतं हे यातून सिद्ध झालं. पण फडात राहणाऱ्या टोळीला रेशन दुकान कुठे आहे ते ठाऊक नसतं, दुकान उघडं असतं तेव्हा ती माणसं उसात असतात, राबून राबून बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, आणि घरी राहिलेल्या म्हातारीच्या वाट्याचं काय करायचं याचा गोंधळ वेगळाच. पाच किलो धान्याचा हक्क आहे, तो घेण्याची वेळ आणि वाट नाही. गुजरातच्या कारखान्यांनी महिन्यातून दोन दिवस रेशनचं वाहन फडापर्यंत आणलं तर हा प्रश्न बराचसा सुटेल. हे मोठं काम नाही.

महाराष्ट्राने दुसरी एक चांगली सुरुवात केली आहे. स्थलांतरित गरोदर माता आणि बालकांचा माग ठेवणारी प्रणाली महिला व बालविकास विभागाने काही जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू केली, त्यात नंदुरबार होता. कोणतं कुटुंब कुठे गेलं हे अंगणवाडी सेविकेने नोंदवायचं, म्हणजे पोहोचलेल्या ठिकाणच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मिळावं. राज्याच्या आत हे जमू शकतं. नवापूर ओलांडलं की यादी थांबते, कारण गुजरातची अंगणवाडी वेगळ्या संगणकावर आहे. रेशनची यंत्रणा दोन राज्यांत जोडता आली, तर बाळाच्या लसीची का जोडता येऊ नये?

पैसा कुठून आणायचा, हा शेवटी प्रश्न येतोच. महाराष्ट्राला त्याचं उत्तर पन्नास वर्षांपासून माहीत आहे. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून आजही वर्षाला अडीच हजार रुपयांपर्यंत तो कापला जातो. खेड्यातल्या माणसाला गावाजवळ काम मिळावं म्हणून शहराने द्यायचा कर, अशी ती स्वच्छ कल्पना होती. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि राज्याने तेवढीच भर घालायची असं ठरलं. तत्त्व तेच: ज्याच्या कामासाठी माणूस हलतो त्याने हलण्याचा खर्च उचलावा. पण हे दहा रुपये महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे. नंदुरबारच्या जोडप्याने बारडोलीचा जो ऊस तोडला त्यावर काहीच बसत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात सरकारांनी एकत्र बसून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडूनही टनामागे असाच उपकर घ्यावा आणि तो टोळ्यांच्या मूळ तालुक्यांत, हंगामी वसतिगृहांवर खर्चावा. वसतिगृह दिवाळीआधी उघडलं, तर आईबाप मुलाला आजीजवळ ठेवून जातील. डिसेंबरात उघडलं तर मूल केव्हाच ट्रकमध्ये बसलेलं असतं.

केळीबद्दलही हेच म्हणेन, आणि आमच्या भागातले काही जण यावर नाराज होतील. प्रत्येक ट्रकमागे व्यापाऱ्याने आणि निर्यातदाराने ठरावीक रक्कम द्यावी, ती जिल्हा परिषदेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी, आणि तिच्यातून केळीपट्ट्यातल्या मजुरांच्या मुलांसाठी बारेली जाणणारे शिक्षक, फिरता दवाखाना आणि प्रवासासाठी धड वाहन एवढंच करावं. शेतकऱ्यावर हा बोजा टाकू नये. त्याला आधीच भाव मिळत नाही. माल बागेतून उचलून बाहेर नेणाऱ्याला तो परवडतो.

तोवर एक काम असं आहे ज्याला ना नवा कायदा लागतो ना नवा कर. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, म्हणजे पुन्हा ऐन तोडणीत. कोणत्या पाड्यावरून कोणती कुटुंबं गेली हे अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, ग्रामसेवकाला नावानिशी ठाऊक असतं. कोणत्या मुकादमाबरोबर आणि कोणत्या कारखान्याला गेली तेही. नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ही यादी जानेवारीतच सुरत आणि तापीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी, आणि कारखान्यांच्या शेतकी खात्याने टोळी त्या आठवड्यात कुठल्या फडात आहे ते प्रगणकाला सांगावं. बडवानी आणि खरगोनकडून तशीच यादी जळगावने मागवावी आणि रावेर, यावल, चोपड्याच्या प्रत्येक शेतातल्या खोपटापर्यंत प्रगणक जाईल याची जबाबदारी तलाठ्यावर टाकावी. आणि निधी वाटताना मूळ गावच्या खात्यात किती माणसं धरायची, याचा वेगळा निर्णय राज्याने मोजणीआधीच जाहीर करावा. नंतर केला तर पुढची जनगणना होईपर्यंत धडगावच्या पाड्यांना तो उपयोगी पडणार नाही.